फुगणारी भुई

१७ फेब्रुवारी २०२५, पोत्सुओली
शाळा बंद. काल दुपारी ३.९ चा धक्का. त्यानंतरचे बारके कोण मोजतो? लेक मोजते. फोनवर वेधशाळेची यादी उघडून बसली आहे. वेळ, तीव्रता, खोली. खोली दोन किलोमीटर, तीन किलोमीटर. माझी प्रयोगशाळा याहून लांब आहे.

२० फेब्रुवारी
पाटणहून आईचा फोन. कुणीतरी बातमी दाखवली तिला.
"तिथं धरण आहे का गं?"
नाही.
"मग कशानं हलतंय?"
६७ साली ती सात वर्षांची. ११ डिसेंबर, पहाट, कोयना धरणाजवळचा भूकंप. कोयनेकाठचं घर बसलं. पुढे कितीतरी दिवस शेतात खोपटात झोपले सगळे. भूकंप म्हटलं की तिला धरणच दिसतं. म्हटलं, ज्वालामुखी आहे. म्हणाली, मग तू पाठवलेल्या फोटोत डोंगर कुठाय?
डोंगर नाहीच. डोंगर तो व्हेसूव्हियस, नेपल्सच्या पलीकडे. सगळे त्याचे फोटो काढतात. इकडचा काम्पी फ्लेग्रेई म्हणजे १२ ते १५ किलोमीटर रुंद खळगा, थोडा जमिनीवर, थोडा समुद्राखाली. शिलारस उसळून बाहेर गेला, वरचं छप्पर आत बसलं. त्यावर गावं, रेल्वे, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, आमची दोन खोल्यांची जागा.
"म्हणजे तुम्ही आतच राहताय?"
हो.
"जेवलात का?"

२३ फेब्रुवारी
लेकीचा शाळेचा प्रकल्प: आपला कॅल्डेरा, म्हणजे हाच खळगा. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा सर्वांत मोठा उद्रेक, राख रशियापर्यंत. १५,००० वर्षांपूर्वी दुसरा मोठा. त्याच्या राखेचा दगड म्हणजे पिवळा टफ. जुनं नेपल्स याच दगडाचं. आमच्या जिन्याची भिंतही. नखाने ओरखडा उठतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला हा दगड दगडच वाटत नाही.
त्यानंतर सत्तरच्या वर उद्रेक, खळग्याच्या आतल्या आत. नकाशावर प्रत्येकाचा ठिपका हवा होता. थोडे काढले आणि म्हणाली, बाकीचे यांच्या खाली गाडले गेलेत. बाईंनी मान्य केलं तर ठीक.

४ मार्च
मंगळवार, वेधशाळेचं पत्रक. जमीन महिन्याला १ सेंटिमीटर वर येत होती, फेब्रुवारीच्या मध्यापासून ३. इशारा पिवळाच. २०१२ पासून पिवळा.

८ मार्च
धक्क्यावर गेले, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर. इथे शब्द जपून वापरावा लागतो. लहान बंदरात पाणी घोट्याएवढं. होड्या चिखलात कलंडलेल्या. पूर्वी जिथे बांधत, त्या कड्या आता डोक्याच्या वर. एक कोळी म्हातारा म्हणाला, समुद्र गेला नाही, गाव वर आलं. २००५ पासून सुमारे १.४ मीटर.

१३ मार्च
रात्री १.२५. आधी आवाज, तोफेसारखा, पायाखालून. मग हिसका. मांडणीवरचे डबे खाली. वीज गेली. नवऱ्याने लेकीला उचललं, ती आता उचलण्याएवढी राहिलेली नाही.
जिन्यात सिन्योरा, घरमालकीण. अंगावर कोट, हातात पर्स, पायात बाहेरचे बूट. झोपलीच नव्हती की बूट घालूनच झोपते?
गाडीत बसून काढली रात्र. समुद्राकाठचा रस्ता गाड्यांनी भरलेला, काचांवर वाफ. सकाळी आकडा ४.४, मग सुधारून ४.६. शेजारच्या बान्योलीत छत पडून एक बाई अडकली होती, काढली.

१४ मार्च
दाराची चौकट तिरकी झाली आहे. दार घासतं.

१६ मार्च
नवरा म्हणतो नेपल्समध्ये, व्होमेरोत जागा बघू. नकाशा काढला. व्होमेरोचा बराच भाग लाल पट्ट्यातच येतो, म्हणजे उद्रेकाआधी रिकामा करायच्या भागात. लाल पट्ट्यात पाच लाख माणसं. बाहेर काढायला ७२ तास. पोत्सुओलीच्या लोकांची सोय लोंबार्दियात. मी कचेरीतलं पत्रक वाचून दाखवलं. हा हसला नाही.

२२ मार्च
सिन्योराकडे कॉफी. तिचं बालपण रिओने तेर्रामध्ये, समुद्रावरच्या टेकाडावरची जुनी वस्ती. २ मार्च १९७०. ती अकरा वर्षांची. सैनिक आले, ट्रक आले. आईने ओली गादी गुंडाळून घेतली, एवढंच नीट आठवतं. तीन हजार माणसं. परत राहायला कुणी गेलं नाही. पुढे ८३-८४, पुन्हा सगळं वर आलं, १.८ मीटर, चाळीस हजार लोक हलवले, त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो ही नवी वसाहत बांधली. लग्न होऊन तीही तिकडे गेली, आणि नंतर परत आली.
दोन्ही वेळा उद्रेक झाला नाही.
मी विचारलं, तुम्हाला भीती? तिने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

३० मार्च
सेरापेओ. रोमन बाजार, १७५० साली खोदताना सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून मंदिर समजले. कठड्यावरून खाली बघायचं. संगमरवरी तीन खांब उभे. खालचा साडेतीन मीटर भाग गुळगुळीत, मातीत गाडलेला असल्याने वाचला. त्यावर पावणेतीन मीटरचा पट्टा, चाळणी. दगड पोखरणारे शिंपले, लिथोफागा. मी दिवसभर शिंपल्यांचंच काम करते. फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं: भोकं बोटाएवढी, तोंड अरुंद, काहींच्या कडा अजून धारदार. जिवंत शिंपल्याला समुद्र लागतो. म्हणजे हे खांब, न पडता, सात मीटर पाण्यात उभे होते आणि मग वर आले. भूवैज्ञानिक लायेलने १८३० साली भूविज्ञानावरच्या पुस्तकाच्या सुरुवातीला हेच चित्र छापलं.
लेकीला भूक लागली होती. पुढचं राहिलं.

१२ एप्रिल
पत्रकात वेग निम्म्यावर. सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.

२१ एप्रिल
ईस्टरनंतरचा सोमवार. मोंते नुओवो चढलो. १३३ मीटर, पोरंसुद्धा धावत जातात. २९ सप्टेंबर १५३८ पर्यंत इथे त्रिपेरगोले नावाचं गाव होतं. त्याआधी तीन हजारांहून जास्त वर्षं एकही उद्रेक नाही. मग जमीन फुगली, समुद्र मागे हटला, लोकांनी गाड्या भरभरून मासे नेले. आठवड्याभरात डोंगर तयार. थंड झालासं वाटून काही जण बघायला चढले, ६ ऑक्टोबरला पुन्हा उसळला, चोवीस मेले. पळालेल्यांना व्हाइसरॉयने करमाफी देऊन परत आणलं.
मासे गोळा करणाऱ्यांचं मला कळतं. फुकटची पापलेटं कोण सोडतं?

६ मे
आई: "भाकरीसारखी फुगते म्हणतेस. मग फुटंल की निवंल?"
वैज्ञानिकांचंही यावर एकमत नाही. खाली चढतोय तो शिलारस, की त्यातून सुटलेला वायू आणि तापलेलं पाणी? पहिलं असलं तर एक, दुसरं असलं तर वेगळंच. सोल्फाताराच्या विवरातून रोज हजारो टन कार्बन डायऑक्साइड निघतो. वारा पूर्वेचा असला की दोरीवरच्या कपड्यांना गंधक.

१३ मे
१२.०७. ४.४. लेक वर्गात, बाकाखाली. आणायला गेले तर मैदानात मैत्रिणींबरोबर पैजा लावत होती, आकडा किती येणार. ती जिंकली.
मला ते अजिबात आवडलं नाही.

१४ मे
कासेर्तात जागा पाहिली. लाल पट्ट्याबाहेर. भाडं परवडतं. मला रोज ट्रेन.

३० जून
१२.४७. ४.६ परत. मी बाजारात, टोमॅटो हातात. बाकोलीच्या समोरचं पुंता पेन्नाता, त्याचा एक कडा समुद्रात कोसळला. पिवळी धूळ. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत शंभर लोकांनी पाठवला, पाटणहूनही.

२ जुलै
अग्निशमनवाले घर बघून गेले. राहण्याजोगं. भिंतीला गेलेल्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख टाकून गेले.

५ जुलै
कासेर्ताचा करारनामा आला. चार वर्षं. ह्याने सही केली. लेक म्हणते तिकडच्या शाळेत भूकंपाच्या तासाला काय करतात?
सिन्योराला सांगितलं. ठीक म्हणाली. अनामत परत देईन, पण दार दुरुस्त करून द्या, नवा भाडेकरू बघायला येतोय. भाडेकरू! सुताराला फोन केला. सप्टेंबरआधी जमणार नाही म्हणतो. साऱ्या गावाची दारं घासतायत.