सुट्टीतला चौविहार



मार्चच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये मुलाच्या कुटुंबासोबत ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड पाहिलं. पार्क चार, म्हणून दिवसही चार. खर्चाचा हिशेब मीच मांडला, बी.कॉम. कामी आलं! खाणं आत नेता येतं, फक्त काचेचे डबे चालत नाहीत. रोज दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाणा चटणी बांधून घेई. तिथे मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात, सूर्यास्त साडेसातच्या सुमारास. सातलाच आमचं जेवण उरके.

रात्रीची रोषणाई बघताना नातीनं पॉपकॉर्न घेतलं, माझ्यापुढे धरलं.

"नको गं, आता पाणीसुद्धा नाही."

तिनं पुडा मिटला. "मग उद्या सकाळी दोघी खाऊ, आजी."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, सहलीचं वेळापत्रक करताना सूर्यास्ताची वेळ सगळ्यात आधी लिहा.