गुठळी अडवावी, रक्त थांबू द्यावे

वनस्पतीतील एखादे द्रव्य उंदराच्या शरीरात रक्ताची गुठळी होऊ देत नाही, एवढे दाखवणे फारसे कठीण नसते. पण त्याच द्रव्यामुळे साध्या जखमेतले रक्त थांबेनासे होत नाही, हे दाखवताना संशोधकाचा कस लागतो. रक्त पातळ करणारे डायकूमारॉल हाती आले, तेच मुळी सडलेल्या स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने मरू लागल्यामुळे.

गुठळीच्या चाचणीत भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील धमनी मोकळी करून तिच्यावर फेरिक क्लोराइडमध्ये भिजवलेला टीपकागदाचा बारीक तुकडा काही मिनिटे ठेवतात. त्याने धमनीच्या अस्तराला इजा होते, तेथे बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, चिकटत जातात आणि रक्तप्रवाह बंद पडेपर्यंतचा वेळ डॉप्लर यंत्राने मोजला जातो. कागद जरा मोठा कापला गेला किंवा भुलीत प्राण्याचे अंग गार पडले, तरी हा वेळ बदलतो. म्हणून तुकडे एकाच मापाचे असणे, अंगाखाली ऊब असणे आणि कोणाला औषध व कोणाला नुसते विद्रावक दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक नसणे, या किरकोळ भासणाऱ्या गोष्टींवरच निष्कर्ष उभा राहतो किंवा कोसळतो. रक्तस्रावाच्या चाचणीत शेपटीचे टोक छाटून ती ३७ अंश सेल्सियसच्या सलाइनमध्ये बुडवतात. थांबलेले रक्त पुष्कळदा पुन्हा वाहू लागते, त्यामुळे पहिल्या थांब्यालाच घड्याळ बंद करणारा फसतो.

कुट्टूत आढळणाऱ्या रुटिनवर बोस्टनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. इजेच्या जागी पेशींतून बाहेर पडणारे प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, रुटिनमुळे अडते आणि उंदरांतील गुठळी रोखली जाते, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तेच विकर त्यांनी बाहेरून रक्तात सोडले, तेव्हा रुटिनचा प्रभाव ओसरला. रुटिनमधील शर्करेचा भाग गळाला की उरणारे क्वेर्सेटिन मात्र त्या विकराला रोखत नाही, त्यामुळे घटक न तपासता नुसत्या ‘अर्का’वर केलेल्या दाव्यांना फारसे वजन देता येत नाही.

शिवाय रक्त गोठवणाऱ्या थ्रोम्बिन या विकराची चाहूल माणसाच्या बिंबिकांना ‘पार-१’ व ‘पार-४’ या ग्राहींमुळे लागते, तर उंदराच्या बिंबिकांवर ‘पार-१’ नसतोच. त्या ग्राहीवर नेम धरणारे द्रव्य माणसात कितीही गुणकारी असले, तरी उंदराच्या बिंबिकांवर त्याची परीक्षा होऊ शकत नाही.