बायांनी कापूस वेचला आहे

दिवाळीची झाडलोट हा आमच्या घरी सौभाग्यवतींचा प्रांत आहे. त्यात माझ्या वाट्याला दरवर्षी एकच काम येते: माझी पत्र्याची पेटी. 'त्यातली रद्दी एकदाची काढून टाका' हे वाक्य मी सेवानिवृत्त झाल्यापासून दर आश्विनात ऐकतो, आणि दर आश्विनात पेटी उघडून, दोन कागद वाचून, पुन्हा बंद करतो. यंदा मात्र पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद हाती आला. १९८२ सालच्या ऑक्टोबरातली घटक चाचणी, इयत्ता नववी, विषय इंग्रजी, वीसपैकी सहा गुण. लाल शाई अजून लाल होती.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत असे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी, जिला सारे 'शकुंतला' म्हणत, तेव्हा वाफेवर चालत असे, आणि रुळाकाठच्या खेड्यांतली मुले तिच्या वेळेवर शाळेत येत. म्हणजे उशिरा येत. ही मुलगी त्यांतलीच. तिचे नाव येथे सांगत नाही. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असे. म्हणजे नववीत या मुलांचे ते पाचवे वर्ष, आणि पाचव्या वर्षीही 'हॅज' आणि 'हॅव' यांचा घोळ सुटलेला नसे. त्यावर माझी एक युक्ती होती. मी म्हणे, 'एस हा पाहुणा एका वेळी एकाच घरी उतरतो. नामाकडे उतरला तर क्रियापदाकडे नाही. बॉय हॅज, बॉइज हॅव.' या युक्तीचा मला मोठा अभिमान होता. 'विमेन', 'चिल्ड्रन', 'पीपल' ही मंडळी तीत बसत नसत; त्यांना मी अपवाद म्हणून दाराबाहेर उभे करीत असे.

चाचणीत पूर्ण वर्तमानकाळाची नऊ वाक्ये मराठीतून इंग्रजीत करायची होती आणि दहावे स्वतःच्या मनाने लिहायचे होते. 'बायांनी कापूस वेचला आहे' याचे तिने केले होते, 'द विमेन हॅज पिक्ड कॉटन'. मी लाल फुली मारली होती. त्याखाली 'आईने फुले वेचली आहेत', आणि तिचे इंग्रजी, 'मदर हॅव पिक्ड फ्लॉवर्स'. पुन्हा फुली. बाया अनेक तिथे हॅज आणि आई एक तिथे हॅव! पोरीने नेम धरून उलटे लिहिले आहे असेच मला तेव्हा वाटले असणार, कारण समासात माझ्याच अक्षरात शेरा होता: 'एकवचन, अनेकवचन कळत नाही.' वही घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली होती, 'सर, कापूस त एकच हाये ना?' मी म्हणालो होतो, 'कापसाचे कोण विचारतो आहे? वेचणाऱ्या बाया किती ते बघ.'

परवा पेटीजवळ मांडी घालून मी तो कागद पुन्हा वाचला. प्रथम वाटले, माझ्या युक्तीनेच घात केला. 'विमेन'ला शेवटी एस नाही, म्हणून तिने तो क्रियापदाला लावला. पण मग 'बाया शेतात गेल्या आहेत' याचे 'द विमेन हॅव गॉन' तिने बिनचूक लिहिले होते. 'मुलगी धडे विसरली आहे' हेही बरोबर: 'द गर्ल हॅज फरगॉटन'. बरोबर आलेली वाक्ये तीन. ती एका बाजूला ठेवली, चुकलेली दुसऱ्या बाजूला, आणि चष्मा पुसला.

मग दिसले. मुलगी इंग्रजीचे नव्हे, मराठीचे व्याकरण चालवीत होती, आणि अगदी चोख चालवीत होती. बाया गेल्या आहेत. इथे क्रियापद बायांच्या मागे चालते. पण बायांनी कापूस वेचला आहे म्हटले की क्रियापद बायांना सोडून कापसाकडे जाते. कापूस एक, म्हणून 'आहे'. आई एक असली तरी फुले अनेक, म्हणून 'आहेत'. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकतो आहोत. मीही घोकले होते. आणि 'विसरणे' हे क्रियापद सकर्मक असूनही कर्त्यालाच धरून राहते. मुलगी धडे विसरली आहे, धडे कितीही असोत. तिथे तिचा हॅज बरोबर उतरला होता. म्हणजे अपवादासकट नियम! हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. मला तो शिकवला होता, आणि मला दिसला नव्हता.

दोन भाषांचा स्वभावच निराळा. इंग्रजाचा 'हॅव' मुळात जवळ असण्याचा, ताब्यात असण्याचा. पत्र लिहिलेले माझ्याजवळ आहे, असे म्हणता म्हणता तो माणूस 'मी पत्र लिहिले आहे' या अर्थापर्यंत आला. साहजिकच तो आधी विचारतो, जवळ कोणाच्या? आपण विचारतो, झाले काय? वेचला गेला कापूस, तर मान कापसाचा. आमच्या जिल्ह्यात तरी मला हेच अधिक रास्त वाटते. वेचणाऱ्या बायांना इथे कोण मोजतो?

दहावे वाक्य वाचायचे मी टाळत होतो. ते तिने मनाने लिहिले होते: 'माय फादर हॅव गॉन टू यवतमाळ.'

हे वाक्य मला आठवत होते. कारण ते मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले होते आणि विचारले होते, 'का गं, तुला वडील किती?' वर्ग हसला. ती उभी राहिली, खाली पाहत म्हणाली, 'एकच आहेत, सर.' वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो. एकच आहेत! आदरार्थी बहुवचन तिने माझ्या तोंडावर उच्चारले आणि मी फळ्याकडे वळून 'हॅज' लिहिला.

खरे तर इंग्रजाला तरी हा प्रश्न कुठे विचारावा? तो समोरच्या एका माणसालाही 'यू हॅव' म्हणतो, ते जुने बहुवचनच. एकासाठी त्याच्याजवळ 'दाऊ हॅस्ट' होते. आदराच्या भरात 'यू' इतके वाढले की घरातल्या कुत्र्यालाही लागू झाले आणि 'दाऊ' प्रार्थनेपुरते उरले. हे मला तेव्हा ठाऊक होते. परीक्षेसाठी वाचलेले होते.

तिचे वडील यवतमाळला दवाखान्यात गेले होते. हे मला माघात कळले, ते वारल्यावर. तोवर वेचणीचे दिवस आले होते, आणि वेचणीच्या दिवसांत पटावरची निम्मी नावे शेतात असत. ती परत आली नाही. माझ्या हसण्याने शाळा सुटली असे मी म्हणत नाही. घरात कमावता माणूस गेला की मुलीची शाळा तशीही सुटे. पण सहा गुणांचा कागद न्यायलाही ती आली नाही. म्हणून तो माझ्या पेटीत.

माझी नात पुण्यात इंग्रजी शाळेत जाते. तिचे हॅज-हॅव कधी चुकत नाही. सुटीत आली की मात्र 'आजोबा आला आहे' म्हणते, आणि आम्ही कौतुकाने हसतो.

त्या मुलीचे सासर नेरकडे असल्याचे कळले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एस.टी.ने गेलो. घरापुढे कापसाची गंजी, ओट्यावर ती. केस पिकलेले. तिने ओळखले, पाया पडली. मी कागद काढला आणि लाल फुल्यांच्या शेजारी पेन्सिलीने लिहून नेलेली मराठी वाक्ये एकेक करून दाखवली; कापूस एक म्हणून आहे, फुले अनेक म्हणून आहेत. दहाव्यापाशी माझा आवाज नीट निघेना. तिने तो कागद स्वतःकडे घेतला, लांब धरून वाचला. 'बाबा त्याच दिवशी गेलते यवतमाळले,' ती म्हणाली.

मग विचारले, 'सर, मंग हे बरोबर हाये का चूक?'

'इंग्रजीत चूक. मराठीत बरोबर.'

'पण पेपर त इंग्रजीचा होता ना?' असे म्हणून ती हसली, कागदाची घडी घालून पदराच्या टोकाला बांधली, आणि चहा ठेवायला आत गेली.