चौकटीवरची उधारी

कासारवाडीत हमरस्त्यापासून जरा आत आमचं गॅरेज आहे. रुंदी दहा फूट. दार लाकडी, दोन फळ्यांचं. अब्बांनी ते १९९८ साली सुरू केलं. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते पत्राकाम करत होते. कारखाना बंद पडला आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी गाडी दुरुस्तीचं दुकान थाटलं. चेतक, एम-८०, लूना. तेव्हा या पट्ट्यात कामगाराच्या बुडाखाली याच गाड्या असायच्या. २००७ साली बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. २०२२ च्या मार्चपासून हमरस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धावू लागली. गॅरेजची चौकट मात्र तीच राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती चौकट खालून भुसभुशीत झाली. पश्चिमेच्या वावझडीचा मारा तिच्यावरच होतो. नवी चौकट बसवायची तर भिंत फोडावी लागणार, म्हणून मी ठरवलं, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मढवू. मधोमध टेप लावला, माप घेतलं आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून 'यू'सारखे तीन तुकडे वाकवून आणले. उजवीकडचा तुकडा मध्यावर बसला, खाली अडला, वर खुळखुळू लागला.

अब्बा खुर्चीत बसून बघत होते. त्यांचे हात आता थरथरतात.

"तीन जगा नाप लेना था. चौकट सिधी हय करके कौन बोल्या तेरे को?"

खाली लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, वर किडीने झडलं होतं. अब्बा म्हणाले, 'यू' नकोच. काटकोनातल्या दोन पट्ट्या कर. एक आतून लाव, दुसरी बाहेरून, आणि बाहेरचीची कड आतलीवर चढू दे. मग जाडी कमीजास्त असली तरी पत्रा सांभाळून घेतो. आधी दोन्ही बाजू लाव, आडवा तुकडा शेवटी. त्याची कड उभ्या पट्ट्यांवर यायला हवी, म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. स्क्रू स्टेनलेसचे घे. साधं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की पत्रा भोकापाशी खाल्ला जातो. भोकं लांबट पाड. आठ फुटांची पट्टी तीस अंश तापमान वाढलं तर दीड-पावणेदोन मिलिमीटर लांबते. जागा नाही मिळाली तर पोट काढते. सिमेंटला पत्रा थेट टेकवू नको, मध्ये डांबरी कागद घाल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ओल्या लाकडावर पत्रा चढवू नको. ओल आत कोंडली की लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून पत्रा चकाकत राहतो.

म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. कुजका भाग तासून काढला, लाकूड वाळू दिलं. आतल्या बाजूचं काजळीचं पुट पुसताना पेन्सिलीची अक्षरं दिसू लागली. दूधवाला, क्लच प्लेट, १८०. लूनावाला, पिस्टन, ४२०. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत उधारीच उधारी. बहुतेक नोंदी २००० आणि २००१ च्या. एकीवरही काट मारलेली नव्हती. मोबाइलवर बेरीज केली. अकरा हजार तीनशे चाळीस.

२००१ साली माझ्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नव्हती. "पैसे नाहीत," एवढंच अब्बा म्हणाले होते. मी कॉलेज सोडून चाकणला हेल्पर म्हणून लागलो. पुढे सुपरवायझर झालो, घर चालवलं. पण ते वाक्य मनातून गेलं नव्हतं.

मी त्यांना आकडा सांगितला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "उनका कारखाना बी बंद पड्या था. गाडी अडका के रखता तो काम ढूंडने कैसा जाते?"

"आणि माझी फी?"

त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात पुण्याकडे जाणारी लोकल धडधडत गेली. ती गेल्यावरही उत्तर आलं नाही. मी पॉलिशपेपर उचलला, तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"मिटा मत. ढाक दे बस."

त्या अक्षरांवर पॉलिशपेपर न फिरवता मी डांबरी कागद लावला. फॅब्रिकेशनवाल्याकडे परत गेलो नाही. दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा क्लॅम्पने आवळला आणि अब्बा सांगतील तसा लाकडी हातोड्याने टोकापासून टोकापर्यंत थोडा थोडा वाकवत गेलो. एकाच जागी जोर लावला की ते जिभेने 'चक्' करायचे. खालची कड दुमडून झाल्यावर त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कुठे कापलं नाही. "चलेगा," म्हणाले. आयुष्यात माझ्या कामाला त्यांनी दिलेला तो पहिला शेरा.

फीचा प्रश्न मी पुन्हा काढला नाही. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पुढच्या जूनमध्ये तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी मी खालचा एक स्क्रू सैल केला, कड जराशी उचलून बोट आत घातलं. लाकूड कोरडं होतं. अब्बांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि चहा मागवला.