अंगणातला खजूर कोणता?

रमजान जवळ आला की आपल्या घरांत खजुराची चर्चा सुरू होते. अजवा, मबरूम, सुक्करी, कलमी. यंदा भाव काय, कोणता मऊ, कोणता जास्त गोड. दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा तोंडात टाकताच नाव सांगतात. पण ते फळ ज्याला लागतं ते झाड समोर उभं केलं, तर चौघे चार नावं घेतात. आमच्या सोलापूरच्या घरात नेमकं हेच झालं.

माझे मरहूम सासरे 2012 साली हजहून परतले. मदिनेत खाल्लेल्या खजुराच्या मूठभर बिया त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. मागच्या अंगणात चार-पाच ठिकाणी त्या पुरल्या. दोनच वर्षांत ते अल्लाहला प्यारे झाले. अंगणात पुढे दोन झाडं मोठी झाली, एक विहिरीजवळ आणि एक भिंतीलगत. त्यातलं एक अब्बांचं आणि दुसरं पाखराने टाकलेल्या बियेतून आलेलं, एवढं अम्मींना माहीत होतं. पण कोणतं कुठलं, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. विहिरीजवळच्या झाडाला उन्हाळा सरताना पिवळी-नारिंगी फळं लागू लागली, म्हणून तोच ‘मदिनेचा खजूर’ ठरला. मुलं बिस्मिल्लाह म्हणून ती फळं खात. भिंतीजवळच्याला कधी एक फळ लागलं नाही. तो म्हणजे शिंदी.

गेल्या वर्षी घर वाढवायचं ठरलं आणि नकाशातला एक कॉलम बरोबर भिंतीजवळच्या झाडावर आला. कुणीही हळहळलं नाही. शिंदी या शब्दाला ताडी-माडीचा वास आहे, दीनदार माणसाच्या अंगणात ती नसलेलीच बरी, असं मोठे दीर म्हणाले. झाडाची त्यात काय चूक! त्याच्या पात्यांच्या झाडू आणि चटया आपण पिढ्यान् पिढ्या वापरतोच की.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे झाडाच्या नावापेक्षा झाडाकडे बघायची सवय आहे. खजुराचं कूळ ओळखणं सोपं आहे. झावळीवरची पाती हातात घ्या. मध्यशिरेवर ती वरच्या बाजूला दुमडून पन्हळीसारखी झाली असेल आणि झावळीच्या बुडाशी पात्यांऐवजी लांब टोकदार काटे असतील, तर ते झाड खजुराच्या कुळातलं. नारळाची पाती उलट, कौलारू छपरासारखी खाली उतरलेली असते, आणि बुडाशी काटे नसतात. कार्यालयांच्या दारात कुंडीत ठेवतात तो बुटका, नाजूक झावळ्यांचा पामही खजुराच्याच कुळातला आहे. बुडाशी बोट लावून बघा, काटा टोचेल. (नर्सरीतला ‘अरेका पाम’ मात्र या कुळातला नाही, आणि नाव अरेका असलं तरी खायची सुपारीही त्याला लागत नाही.)

खरी अडचण पुढची. खजूर आणि शिंदी ही सख्ख्या भावंडांसारखी आहेत. दोघांनाही काटे, दोघांचीही पन्हळीसारखी पाती. दुरून बघितलं तर शिंदीचा माथा दाट आणि गोल दिसतो, झावळ्या जरा आखूड. खजुराच्या झावळ्या लांब, ताठ, वर झेपावणाऱ्या. माथा विरळ आणि रंगावर राखाडी-निळसर झाक. पण हे फरक पाण्यावर, उन्हावर आणि वयावरही बदलतात, त्यांच्या भरवशावर कुऱ्हाड चालवू नये. शिंदीचं फळ जेमतेम इंचभर, आत मोठी बी आणि वर पातळ गर. विहिरीजवळचं फळ तसंच होतं. खजुराचं फळ म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

सगळ्यात भरवशाची खूण बुंध्याशी असते. शिंदी एकटी वाढते. खजुराच्या बुडाला जमिनीलगत फुटवे येतात. भिंतीजवळच्या झाडाला असे फुटवे होते. दरवर्षी माळी ते काट्यांचा त्रास म्हणून छाटायचा, तरी भिंतीच्या बाजूचे तीन वाचले होते. कयामतीची घडी आली आणि हातात रोप असेल तर तेही लावून टाका, अशा अर्थाची हदीस आपण ऐकतो. त्यातला अरबी शब्द ‘फसीला’ आहे, म्हणजे खजुराचं लहान रोप, बुंध्याशी येतो तो फुटवा. ज्याला आम्ही कचरा म्हणून छाटत होतो, तोच हा.

मग फळ का नाही? कारण ते झाड नर आहे. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून आलेल्या झाडांत साधारण निम्मे नर निघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पोय फुटते, आत दाट पांढुरका तुरा असतो, हलवला की पिठासारखा पराग उडतो. मदिनेचे शेतकरी हाच तुरा मादीच्या फुलोऱ्यात ठेवत असत. प्रेषितांनी (स.) त्यावर आधी शंका घेतली, फळ कमी आलं, तेव्हा दुनियेची कामं तुम्ही जास्त जाणता असं सांगितलं, ही हदीस प्रसिद्ध आहे. शिवाय या कुळातल्या जातींचा आपसांत संकर होतो. म्हणजे विहिरीजवळच्या शिंदीच्या फळांत भिंतीजवळच्या झाडाचाही वाटा असू शकतो.

हे सगळं घरात सांगायचं कसं? पानं न गळणारं आणि मोमिनासारखं असणारं झाड कोणतं, असं प्रेषितांनी (स.) विचारलं तेव्हा अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात खजूर आला होता, पण वडीलधारे गप्प बसलेले पाहून ते लहान वयाचे म्हणून बोलले नाहीत. नंतर कळल्यावर हजरत उमर (रजि.) म्हणाले, तू बोलला असतास तर मला फार आवडलं असतं. मला ही हदीस आठवली आणि मी त्याच संध्याकाळी दिरांना म्हटलं, “भाईजान, कुऱ्हाड लावण्याआधी एकदा बुंधा बघा. तुमच्या अब्बांचं झाड भिंतीजवळचं आहे.”

ते बघायला गेले. टॉर्च घेऊन बराच वेळ वाकून उभे होते. अम्मी मात्र विहिरीकडे पाहत होत्या. “मग पोरांनी इतकी वर्षं काय खाल्लं?” असं त्यांनी विचारलं. मी शिंदी म्हटल्यावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “असू दे. तेही अल्लाहचंच.”

कॉलम हलवता येत नव्हता, इंजिनिअरने दोनदा मोजून पाहिलं. पण बियेतून येणारं झाड मूळ झाडासारखं निघेलच असं नसतं. अजव्याची बी लावली तर अजवाच येईल याची खात्री नाही. फुटवा मात्र हुबेहूब तेच झाड. म्हणून पावसाळ्यात तिन्ही फुटव्यांभोवतीची माती मोकळी केली, मुळं दिसेपर्यंत उकरलं, सब्बलने बुंध्यापासून वेगळे केले, झावळ्या बांधून गोणपाट गुंडाळलं. मोठं झाड सप्टेंबरात गेलं. दीर त्या दिवशी घरी थांबले नाहीत.

एक फुटवा वाळला. एक मशिदीत वजूचं पाणी वाहून जातं त्या कोपऱ्यात लावला, एक कब्रस्तानात, अब्बांच्या पायथ्याशी. विहिरीजवळची शिंदी आहे तिथेच आहे, यंदा तिला फळ कमी लागलं. दोन्ही फुटव्यांना सध्या पात्यांपेक्षा काटेच जास्त आहेत. तुरा यायला काही वर्षं जातील, आणि तो नराचाच असेल.