रात्रपाळी

आमच्या घरी आता रात्रपाळी करणारे दोघं आहेत. मी महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल असतो. भैरू रोज.

भैरू म्हणजे ग्रेट पिरेनीज. पांढराशुभ्र, वजन ४५ किलो. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरात मेंढरं राखणारी ही जात. इथे टेक्ससमध्ये रँचवर शेळ्या-मेंढ्यांना कायोटींपासून वाचवायला पाळतात. पण बरेच जण नसबंदी करत नाहीत, पिल्लं वाढत जातात, आणि काही शेवटी रस्त्यावर येतात. आमचे साहेब त्यातलेच. डासांमुळे होणारा हार्टवर्मही झाला होता. कित्येक महिने उपचार करून रेस्क्यूवाल्यांनी त्याला वाचवलं.

त्यांचा फॉर्म म्हणजे व्हिसाच्या फॉर्मचा सख्खा भाऊ. कुंपण किती उंच? दिवसा घरी कोण? कुत्रा रात्री भुंकला तर? शेवटच्या प्रश्नापुढे 'काही हरकत नाही' लिहून मी मोकळा झालो.

पहिल्याच रात्री दोन वाजता हरकत सुरू झाली!

अंगणात उभा राहून पठ्ठ्या पहाटेपर्यंत भुंकायचा. कोणावर? कायोटी सोडा, साधी खारसुद्धा नसायची. आठव्या दिवशी दाराला शेजाऱ्यांची चिठ्ठी. भाषा सभ्य, पण पुढची तक्रार थेट शहराकडे. त्यांच्याकडे तीन महिन्यांचं बाळ आहे हो, त्यांचं काय चुकलं?

रेस्क्यूच्या बाईंना फोन केला. परत घ्याल का?

"घेऊ, करारातच आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तो भुंकतो तेव्हा तू काय करतोस?"

"ओरडतो."

"मग त्याला वाटतं, तूही भुंकतोयस. बाहेर जा, तो बघतोय तिकडे बघ, शाबास म्हण आणि आत घेऊन ये. रात्रभर बाहेर ठेवूच नकोस."

रविवारी आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अरे, तुझे आजोबा दिवाळीनंतर शेतात धनगरांची मेंढरं बसवायचे ना, तेव्हा त्यांची कुत्री रात्रभर भुंकायची. आजोबा म्हणायचे, भुंकतायत तोवर निवांत झोपा. गप्प झाली की उठा."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कोणी आलंय म्हणून तो भुंकत नव्हता, कोणी येऊ नये म्हणून भुंकत होता. माझ्या नोकरीतही ज्या रात्री काहीच होत नाही, त्या रात्रीचं कौतुक कोण करतं?

त्या रात्री चपला घालून अंगणात गेलो. त्याच्या शेजारी उभं राहून अंधारात बघितलं. "बघितलं रे. शाबास." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एक बारीकसं 'भुफ्' केलं आणि मुकाट आत आला.

अजूनही अधूनमधून भुंकतो, पण आता बंद खिडकीच्या आतून. शेजाऱ्यांची घरी जाऊन माफी मागितली. बाळ झोपतंय म्हणाले.

गेल्या आठवड्यात माझी पाळी होती. पहाटे तीनला फोन वाजला. माझ्याआधी भैरू उठून उभा.

म्हटलं, "झोप बाबा, ही माझी मेंढरं आहेत."