पात्यावरचं नाव

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा घडीचा चाकू उघडला की पात्याच्या बुडख्यावर, मुठीला लागून, बारीक अक्षरं दिसतात. मुकुट, त्याच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरं, कंपनीचं नाव, आणि तारा व माल्टीज क्रॉस ही तिची खूण. मुठीवर यातलं काही नसतं. तिथं पुष्कळदा जर्मन सिल्व्हरची एक छोटी ढाल बसवलेली असते, आणि ती कोरी असते. विकत घेणाऱ्यानं हवं तर तिच्यावर आपली अक्षरं कोरून घ्यावीत. म्हणजे विकणाऱ्याचं नाव पात्यावर आणि वापरणाऱ्याचं मुठीवर.

या वाटणीपाशी माझं मन फार दिवस अडकून होतं. मूठ हाताच्या घामानं गुळगुळीत होते, पण सरत नाही. पातं मात्र दर वेळी धार लावताना थोडं थोडं दगडावर राहून जातं. नाव घालणाऱ्यांना हे ठाऊक असणारच. तरी त्यांनी टिकणारी जागा सोडली आणि खर्ची पडणारी निवडली, कारण चाकूची परीक्षा तिथंच होते. मला यात मोठी सचोटी दिसते.

आमच्या आजोबांचा, अण्णांचा, चाकू असाच रॉजर्सचा. ते राजापूरकडे हापूसची कलमं बांधत. मुकुटाशेजारी जी आणि आर ही अक्षरं आहेत, म्हणजे पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जच्या राजवटीतला, १९१० ते १९५२ या काळातला. मूठ काळ्या म्हशीच्या शिंगाची. शेफील्डला मुठींसाठी म्हशीची आणि सांबराची शिंगं भारतातून जहाजानं जात, तेव्हा ही मूठ इथूनच कच्ची गेली आणि चाकू होऊन परत आली असेल. ढालीवर अण्णांनी देवनागरीत एकच अक्षर कोरून घेतलंय.

हा चाकू धाकट्या काकांकडे होता. पातं संपलं होतं. मूळच्या रुंदीतला जेमतेम तिसरा हिस्सा उरलेला, मधे आत खचलेला, शेंडा इतका मागे आलेला की मिटल्यावर मुठीत हरवून जाई. नाव तेवढं शाबूत होतं, कारण बुडख्याला कुणी धार लावत नाही. अण्णांच्या उमेदीत भेटकलमं बांधली जात. रोपाची कुंडी मांडवावर चढवून आंब्याच्या फांदीपाशी न्यायची, दोघांची साल आणि थोडं लाकूड तासायचं, जखमेला जखम लावून बांधायचं, आणि जीव धरला की फांदी तोडून घ्यायची. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि पुढे तिथून कोयकलमाची रीत गावोगावी पोचली. कोय रुजून आलेलं तांबूस पानांचं कोवळं रोप, त्याला उभी चीर, त्या चिरेत पाचरीसारखी तासलेली काडी, वर प्लॅस्टिकची पट्टी. दोन्ही रीतींना हेच पातं पुरलं. कलमाला काप एका ओढीत आणि आरशासारखा सपाट पडावा लागतो. काप करवतल्यासारखा झाला तर साल सालीला भिडत नाही आणि काडी सुकते. म्हणून अण्णा सारखी धार लावत, आणि म्हणूनच पातं सरलं. त्याची झीज म्हणजे उभ्या असलेल्या बागा आहेत.

चाकू दुरुस्त करायचं मी ठरवलं तेव्हा पहिला सल्ला असा मिळाला, की मुंबईच्या चोरबाजारात दुसरा जुना रॉजर्स शोध, त्याचं पातं काढ आणि याला बसव. शौकीन लोक असं करतात, आणि त्यात नावही टिकतं. मला ते पटलं नाही. तो दुसरा चाकूही कुणाच्या तरी खिशात झिजलेला असतो, आणि एक जगवायला दुसरा मोडायचा, हा हिशेब मला मान्य नाही. दुसरा सल्ला नव्या पात्यावर लेसरनं जुनी अक्षरं उमटवून घ्यायचा. तेही नको. शेफील्डमध्ये कारागिरांच्या खुणा नोंदून त्यांची राखण करणारी हॅलमशायरची कटलर्स कंपनी १६२४ पासून आहे. पुढे जर्मन चाकूंवर शेफील्डचं नाव सर्रास पडू लागलं, तेव्हा ब्रिटिश संसदेनं १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा केला. ज्या अक्षरांच्या खरेपणासाठी माणसं इतकी झगडली, ती आपण प्रेमापोटीसुद्धा खोटी करू नयेत.

मग मी आमच्या गावच्या लोहार मेस्त्रींकडे गेले. ते कोयते, विळे, कुदळी करतात. एवढं नाजूक काम त्यांच्याकडे कधी येत नाही, पण जुनं पातं त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ही पटाशीची धार. एका अंगानं सपाट.” बरोबर होतं ते. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या चाकूची एक बाजू सपाट ठेवतात, म्हणजे काप वाकडा जात नाही. पोलाद कुठलं घ्यायचं? कोयत्याला ते ट्रकचा पाटा वापरतात, पण बारीक धारेला त्याहून कडक हवं. त्यांनी खोक्यातून एक गुळगुळीत झालेली जुनी कानस काढली. चांगल्या कानशीच्या पोलादात एक टक्क्याहून जास्त कार्बन असतो.

ती कानस त्यांनी आधी लाल करून राखेत पुरली, सावकाश निवून मऊ पडावी म्हणून. मग दाते पुरते घासून काढले. दात्याची एखादी ओळ राहून गेली तर पाणी देताना तिथूनच तडा जातो. घडणं थोडा वेळ, घासणं फार वेळ. घडीच्या चाकूत पात्याचा पुढचा भाग कुणीही करील. खरं काम बुडख्यात आहे. मुठीच्या पाठीला एक पोलादी कमान असते, ती बुडख्यावर सतत रेटा देते, आणि त्या रेट्यामुळेच पातं उघडं असताना उघडं आणि मिटलेलं असताना मिटलेलं राहतं. बुडख्याचा एक कोपरा कागदाएवढा जास्त घासला गेला की पातं ढिलं. खालची टाच कमी पडली तर मिटताना धार कमानीवर आपटते आणि बोथट होते. म्हणून जुन्या बुडख्याची पत्र्यावर नक्कल कापून घेतली होती. मेस्त्री दोन वेळा कानस मारत, खिळा नुसता घालून उघडमीट करून पाहत, पुन्हा काढत. पोलाद मऊ आहे तोवरच हे सगळं करून घ्यायचं असतं.

पोलाद तापत ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते लोहचुंबकाला धरत नाही, आणि त्याच्या थोडं पुढे पाणी द्यायची वेळ येते. मेस्त्रींना चुंबक लागत नाही. त्यांनी भर दुपारी दार ओढून घेतलं, अंधारात रंग नीट कळावा म्हणून. इतकं बारीक पातं पाण्यात तडकलं असतं, ते कोमट तेलात गेलं. बाहेर आल्यावर त्याच्यावरून कानस नुसती घसरत होती. अशा वेळी पोलाद काचेसारखं कडक आणि तसंच ठिसूळ असतं. ते घासून पांढरं करायचं आणि मंद आचेवर धरायचं. पात्यावर गवतासारखा फिका पिवळा रंग सरकत आला तशी त्यांनी आच काढली. तो रंग निळ्यावर गेला असता तर धार टिकली नसती.

स्टेनलेस का नाही, असं मला शहरातल्या एका मैत्रिणीनं विचारलं. हॅरी ब्रेअर्लीनं ते १९१३ साली शेफील्डमध्येच शोधलं आणि न गंजणाऱ्या सुऱ्या घरोघरी गेल्या, हे खरं. पण ते कडक करायला जी मोजून-मापून आच लागते ती मेस्त्रींच्या भात्याची नव्हे. शिवाय बागेत काम करताना धार लगेच परत आणता आली पाहिजे, आणि त्या बाबतीत साध्या पोलादासारखं दुसरं नाही.

जोडणी सोनारानं केली. जुना खिळा काढताना शिंग तडकू नये म्हणून त्यानं तो बारीक गिरमिटानं आतून पोखरला. पितळी पट्ट्यांमधला गंज रॉकेलनं सुटला. शिंग आपल्या नखाच्याच द्रव्याचं असतं, सुकलं की आकसतं. त्याला मी खोबरेल चोळत राहिले आणि ते हळूहळू पुन्हा काळंभोर झालं. नवा खिळा बसवताना सोनारानं पातं आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ कागद ठेवला, मग दोन्ही टोकांवर अगदी हलक्या हातानं ठोकत खिळा फुलवला, आणि शेवटी कागद ओढून काढला. तेवढी जागा राहिली की पातं अडत नाही आणि डुगडुगतही नाही.

एकानं घडवलं, दुसऱ्यानं जोडलं. शेफील्डलाही हेच होतं: घडणारा वेगळा, घासणारा वेगळा, मुठीत बसवणारा वेगळा. घासणाऱ्यांच्या छातीत वालुकाश्माच्या चाकांची धूळ बसे आणि त्यातले कित्येक तरुणपणीच श्वास कोंडून गेले. पात्यावर त्यांची नावं कधीच नव्हती. तिथं असे ते कंपनीचं नाव, आणि हातानं काम केलेली माणसं त्या नावाच्या मागे बिननावी राहत.

पातं अजून मऊ होतं तेव्हाच मी मेस्त्रींना म्हटलं होतं, यावर तुमचं नाव घाला. ते गप्प झाले. आयुष्यभरात इतके कोयते घडवले, एकावरही खूण नाही. गिऱ्हाईक वळणावरून ओळखतं. मी हट्ट धरला. शेवटी त्यांनी ऐरणीकडे बोट दाखवलं. तिच्या कडेला त्यांच्या वडिलांनी छिन्नीनं कोरलेली खूण होती, दोन आडव्या रेघा आणि एक टिंब, ऐरण उसनी गेली तर ओळखू यावी म्हणून. अवजारावर नाव होतं, मालावर नव्हतं. तीच खूण त्यांनी बुडख्यावर उमटवली, रॉजर्सचा मुकुट जिथं होता बरोबर तिथं.

चाकू काकांच्या हातात दिला तेव्हा मला धास्ती होती. अण्णांचा चाकू हाच का, असं ते विचारतील असं वाटत होतं. त्यांनी उघडमीट केली, कमानीचा टक् असा आवाज ऐकला, सपाट बाजू अंगठ्यानं पाहिली. मग मीच विचारलं, “काका, आता याला रॉजर्सचा म्हणायचं का?”

“अगं, रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बांधली तर झाडाला काय म्हणतो आपण?” ते म्हणाले. “हापूस. नाव काडीचं लागतं. खुंट कितीही जुना असो. हा आता मेस्त्रींचा चाकू.”

मी वर्षभर ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, त्याचं उत्तर त्यांच्या धंद्यात आधीपासून होतं. खुंटाला त्यात कमीपणा नाही. कलम उभं राहतं ते त्याच्याच मुळांवर, आणि अण्णांचं अक्षर मुठीवर होतं तिथंच आहे. पण फळ ज्याचं, नाव त्याचं.

आषाढात काकांनी त्या चाकूनं कोयकलमं बांधली. आंब्याच्या चिकानं पातं निळसर काळं पडलंय, आणि साध्या पोलादाचं तसंच व्हायला हवं. जुनं पातं मी मेस्त्रींकडे ठेवलंय, पुढच्या वेळी माप घ्यायला. ती वेळ लवकरच आली, कारण काकांकडे कलमाचा आणखी एक चाकू आहे, कुठल्याच नावाचा नसलेला, आणि त्याचंही पातं सरलंय. “तेही त्यांच्याकडूनच करून आण,” काकांनी सांगितलंय, “आणि खूण घालायला विसरू नका म्हणावं.”